आधी कागद, मग सरस, शेवटी इंजिन

वाचकांचे प्रश्न : जुने मोटर ग्लायडर

दोन अंकांपूर्वी एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो होतो की, मोटारगाडीच्या किमतीत विमान हवे असेल तर जुन्या मोटर ग्लायडरकडे पाहावे. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली, त्यांतील सहा येथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढेच सांगतो, की स्वतःच्या इंजिनावर धावपट्टीवरून उठणारे आणि वर गेल्यावर इंजिन बंद करून निव्वळ हवेच्या उठावावर तरंगू शकणारे ग्लायडर म्हणजे मोटर ग्लायडर. युरोपच्या नियमांत त्याची व्याख्या मोठी नेटकी आहे. कमाल वजन ठरलेल्या मर्यादेत असले पाहिजे आणि किलोमधील त्या वजनाला पंखांच्या मीटरमधील विस्ताराच्या वर्गाने भागल्यास उत्तर ३ पेक्षा जास्त येता कामा नये. शाइबे फाल्केचे ६१० किलो आणि १५.३ मीटर घेतले तर उत्तर २.६ येते. हे गणित कागदावर करून पाहण्यासारखे आहे, कारण लहान विमान आणि मोटर ग्लायडर यांच्यामधली रेघ नेमकी कोठे आहे ते त्यातून समजते.

प्रश्न : मी श्टुटगार्टजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता आहे. ग्लायडर वैमानिकाचा परवाना आहे आणि मोटर ग्लायडर उडवण्याची मुभाही गेल्या वर्षी मिळवली. जवळ पंधरा हजार युरो आहेत, पुढचे दोन हिवाळे मोकळे आहेत आणि सांगलीकडे आमच्या घरी सुतारकाम असल्याने हाताला रंध्याची सवय आहे. क्लबच्या फलकावर एक जाहिरात पाहिली : 'शाइबे एसएफ-२५बी, १९६९, नऊ वर्षे कोरड्या गोठ्यात, इंजिन फिरते, फक्त कापड बदलावे लागेल, साडेचार हजार युरो.' घ्यावे का?

उत्तर : या जाहिरातीतील सर्वांत महाग शब्द 'फक्त' हा आहे. तो वगळला तर यंत्राची आपली निवड चुकलेली नाही. एगोन शाइबे यांच्या डाखाऊ येथील कारखान्याचे पहिले मोटरफाल्के १९६३ साली उडाले. शेजारी शेजारी दोन आसने, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेले धड, लाकडी पंख, पोटाखाली एकच मोठे चाक आणि पंख जमिनीला टेकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना बारीक पायांवरची दोन चाके, अशी ही साधी आणि सोशिक रचना आहे. जर्मनीतील कितीतरी क्लबांनी आपले विद्यार्थी याच विमानावर घडवले. आता तेच क्लब रोटॅक्स इंजिनाच्या नव्या फाल्केकडे वळत असल्याने जुनी बी आणि सी मॉडेले हँगरच्या कोपऱ्यात सरकली आहेत. ती स्वस्त मिळतात ती या कारणाने, त्यांच्यात काही खोट आहे म्हणून नव्हे.

पहिल्या भेटीत विमानावरची ताडपत्री काढायला सांगू नका, आधी फाइल मागा. जर्मन विमानाची जन्मापासूनची सगळी कागदपत्रे एका फाइलीत ठेवलेली असतात, तिला तेथे लेबन्सलाउफआक्टे म्हणतात. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार पाहिल्याशिवाय कोणी जमिनीचा व्यवहार करत नाही, तसेच हे समजा. वार्षिक तपासणीचे दाखले सलग आहेत का, मध्येच तीन वर्षे गायब असतील तर त्या काळात विमान कोठे आणि कोणत्या अवस्थेत होते, एखादे आडदांड लँडिंग होऊन दुरुस्ती झाली असल्यास ती कोणी केली आणि कोणी सही केली, उत्पादकाच्या तांत्रिक सूचना आणि सरकारी उड्डाणयोग्यता आदेश एकेक करून पुरे केल्याची नोंद आहे का, हे सगळे चहा पिता पिता तासाभरात कळते. 'फाइल घरात कुठेतरी आहे, सापडली की पाठवतो' असे उत्तर मिळाले तर नमस्कार करून परत या, कारण फाइल नसलेले विमान उभे करता येते, पण ते उडवण्याची परवानगी मिळवताना माणूस मेटाकुटीला येतो.

फाइलीत शेवटचा वजनाचा दाखलाही पाहा. दर वेळी रंग चढतो, एखादे उपकरण वाढते, गादी बदलते, आणि विमान मुकाट्याने जाड होत जाते. समजा कमाल वजन ६१० किलो आहे आणि रिकाम्या विमानाचे वजन वाढत वाढत ४३० किलोवर गेले आहे, तर उरलेल्या १८० किलोंत दोन माणसे आणि पेट्रोल बसवायचे आहे. आपण आणि आपला मित्र मिळून १६० किलो भरत असाल, तर पेट्रोलला वीसच किलो उरतील. ज्याला दोघांनी उडायचे आहे त्याच्यासाठी हे विमान एका आसनाचेच आहे. आणखी एक किरकोळ भासणारी बाब सांगतो. १ जानेवारी २०१८ पासून युरोपात ८.३३ किलोहर्ट्झ अंतराचे रेडिओ लागतात. नऊ वर्षे गोठ्यात उभ्या असलेल्या विमानात जुनाच रेडिओ असण्याचा संभव फार, म्हणजे तो खर्च आताच मांडून ठेवा.

आता सरस. सुताराच्या घरातील आहात म्हणून आपल्याला हे लवकर उमजेल. त्या काळच्या जर्मन लाकडी विमानांत काउरिट नावाचा युरिया-फॉर्माल्डिहाइड सरस सर्रास वापरला जाई. ओलावा आणि उष्णता यांनी तो वर्षानुवर्षे ठिसूळ होत जातो. त्याआधीचा दुधातील केसिनपासून केलेला सरस तर ओल लागली की बुरशीचे खाद्य होतो. तांबूस तपकिरी रेषा दिसली तर तो रिसॉर्सिनॉल जातीचा असण्याची शक्यता जास्त, आणि तो या सर्वांत टिकाऊ. पंखाचे पोट, प्लायवूडचा पुढचा भाग आणि मुख्य तुळई हे सगळे या सांध्यांवर उभे असते, आणि बाहेरून मात्र चकचकीत रंगाखेरीज काही दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी मी असेच एक फाल्के घेतले होते. विकणारा भला गृहस्थ होता आणि पंख नेहमी कोरड्यात ठेवल्याचे त्याने मनापासून सांगितले. घरी आणून डाव्या पंखाच्या मुळाकडचे कापड कापले, तर आत उंदराचे घरटे निघाले. त्याच्या मुताने खालची पट्टी हातभर काळी पडली होती. बरगडीच्या कोपऱ्यातील त्रिकोणी ठोकळ्यावर अंगठा दाबला, तर तो दुखऱ्या दातासारखा हलला आणि अलगद हातात आला. त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवर पाकाचा वाळलेला पापुद्रा असावा तसा सरस होता आणि लाकडाचा एकही तंतू ओढला गेला नव्हता. परीक्षा हीच आहे. चांगला सांधा मोडताना लाकूड फाटते आणि तंतू सरसाला चिकटून येतात, वाईट सांधा मोडताना सरस सरसापासून सुटतो. त्या एका ठोकळ्यानंतर मला दोन्ही पंख पूर्ण उघडावे लागले आणि एका हिवाळ्याचे काम तीन हिवाळ्यांवर गेले.

म्हणून विक्रेत्याला एकच विनंती करा. पंखाच्या मुळाशी आणि सर्वांत खालच्या, पाणी साचू शकेल अशा जागी, हाताएवढे कापड कापून आत पाहू द्या. कापड बदलायचेच आहे असे तोच म्हणतो, मग दोन छिद्रांनी त्याचे काही बिघडत नाही. सोबत जाणता तपासनीस न्या, वाकवता येणारी नळीची दुर्बीण न्या आणि नाकही न्या, कारण कुजलेल्या लाकडाचा वास कॅमेऱ्यात येत नाही. पाणी निघून जाण्याची छिद्रे रंगाने बुजली असतील, तर त्याच्या मागे लाकूड काळे असेल असे धरून चाला. छिद्रे करू द्यायला तो नाही म्हणाला, तर आपल्यालाही 'नाही' म्हणायला हरकत नाही.

धडाच्या नळ्यांत शेपटाजवळच्या खालच्या नळ्या पाहाव्या, पाणी तेथेच साचते आणि गंज आतून खातो. बोटाने दाबून, हलक्या हातोडीच्या टोकाने वाजवून अंदाज येतो. पुढे कापड ताणून रंगवाल तेव्हा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते पाखे) आणि रडर (शेपटाचे सुकाणू) वजनकाट्यावर घ्यायला विसरू नका. त्यांचे वजन आणि तोल उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत राहिले पाहिजेत. हौसेने चढवलेला रंगाचा एखादा जादा थर वेग वाढल्यावर त्या पृष्ठभागाला फडफडायला लावू शकतो, आणि ती फडफड क्षणांत पंख मोडू शकते.

इंजिन मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. 'इंजिन फिरते' याचा अर्थ हाताने प्रोपेलर फिरवला तर तो फिरतो एवढाच. बी मॉडेलवर सहसा स्टामो १५०० हे ४५ अश्वशक्तीचे इंजिन असते आणि त्याचे सुटे भाग मिळवणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. सी मॉडेलवरचे लिमबाख १७०० हेही फोक्सवॅगन बीटलच्याच घराण्यातले आहे, पण त्याला जाणणारे हात अजून पुष्कळ आहेत. दोन्हींच्या बाबतीत वापरापेक्षा न वापरणे अधिक घातक ठरते. नऊ वर्षे उभ्या इंजिनाच्या कॅमशाफ्टवर गंजाचे ठिपके पडतात, कार्ब्युरेटरमधील रबराचा पडदा कडक होतो, नळ्या चिरतात. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कोठून निसटते ते पाहा, ठिणगीसाठी वीज देणारा मॅग्नेटो शेवटचा कधी उघडला ते विचारा. लिमबाख १७०० ला एकच मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला एकच ठिणगी असल्याने त्याची नोंद मी बारकाईने वाचतो. पात्यांचा कोन बदलता येणारा हॉफमान प्रोपेलर असेल तर त्याची शेवटची उघडून केलेली दुरुस्ती किती वर्षांपूर्वीची आहे तेही पाहा. तो रोझनहाइमला पाठवावा लागला, तर येणारे बिल साडेचार हजारांच्या विमानाला लाजवील.

आणखी एक. युरोपच्या हलक्या विमानांसाठीच्या देखभाल नियमांनुसार मालक-वैमानिकाला बरीच कामे स्वतः करून स्वतः सही करता येतात, पण पंखाचे कापड नव्याने चढवणे आणि मुख्य तुळईची दुरुस्ती ही त्यांत मोडत नाहीत. ती आपण आपल्या हातांनी जरूर करा, मात्र परवानाधारक तपासनीसाच्या देखरेखीखाली आणि त्याच्या सहीने. त्यासाठी क्लबच्या कार्यशाळेच्या प्रमुखाशी आज बोला. तुळईच्या जोडाचा तिरका काप एकास बारा हवा की आणखी लांब, यावर तो पहिल्याच दिवशी आपल्याला अडवील, आणि तेच बरे.

तेव्हा निर्णय असा. फाइल पूर्ण असेल, दोन ठिकाणी कापड कापू दिले आणि आतले लाकूड सोनेरी निघाले, तर हे विमान घ्या, पण साडेचार हजारांना नव्हे. इंजिन शून्य किमतीचे धरूनच सौदा करा. यांतील एकही अट अडली, तर पंधरा हजारांत आजही उडत असलेले लिमबाखचे एसएफ-२५सी शोधा. त्याचे इंजिन अर्धे झिजलेले असो, कापड मळलेले असो, चालेल. उडणाऱ्या विमानाची हळूहळू डागडुजी करणे आणि उभ्या विमानाला उठवणे, यांत दुसरे काम नेहमीच जास्त खर्चाचे निघते, आणि आपल्याला तर त्यावर लवकर उडायचे आहे.

प्रश्न : जाहिराती कोठे आणि कधी पाहाव्यात? (कार्ल्सरूह)

उत्तर : जर्मन ग्लायडरवाल्यांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर पाहा, पण त्याहून क्लबांच्या फलकांवर आणि क्लबच्या स्वयंपाकघरात चहा करताना कानावर पडणाऱ्या गप्पांत. एप्रिलमध्ये बोडन सरोवराकाठी फ्रीड्रिक्सहाफेनला भरणाऱ्या विमान प्रदर्शनात जाऊन या, तेथे नवी यंत्रे पाहणाऱ्या क्लबच्या पदाधिकाऱ्यांना 'तुमच्या जुन्याचे काय करणार?' असे सरळ विचारा. सौद्यासाठी मला नोव्हेंबर-डिसेंबर आवडतो. हंगाम संपलेला असतो, वार्षिक तपासणीचा खर्च समोर दिसत असतो आणि हँगरमध्ये जागेची टंचाई असते.

प्रश्न : लाकडाची आम्हा दोघांना भीती वाटते. त्यापेक्षा फायबरचे ग्रोब जी-१०९ किंवा होफमान दिमोना घेऊन फक्त रंगरंगोटी केली तर? (आइंडहोव्हन)

उत्तर : पुन्हा 'फक्त'! दोन्ही उत्तम विमाने आहेत. ग्रोबचे जी-१०९ आणि ऑस्ट्रियातील होफमान एच-३६ दिमोना, दोघेही १९८० मध्ये प्रथम उडाले. लाकडाच्या मानाने त्यांचा आकार फार सफाईदार आहे आणि ती तरंगतातही लांब. पण काळ लाकडापेक्षा फायबरवर जास्त दया करतो हा समज चुकीचा आहे. पांढऱ्या जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या थराला, उन्हाने बारीक तडे जातात. ते वर्षानुवर्षे दुर्लक्षिले तर आत ओल जाते. जेलकोट घासून नवा चढवणे हे हाताचे, कंटाळ्याचे आणि शेकडो तासांचे काम आहे. त्यात हात घसरला की काचेचे तंतू कापले जातात आणि मग ती रंगरंगोटी उरत नाही, ती संरचनेची दुरुस्ती होते. आणि पांढऱ्याखेरीज दुसरा रंग मनात आणू नका. हे राळेचे पंख उन्हात तापले की त्यांची ताकद कमी होते, म्हणूनच ही सगळी जात पांढरी आहे.

जुनी दुरुस्ती शोधायला आपल्याकडे माठ घेताना टिचकी मारून पाहतात ती पद्धत चालते. नाण्याच्या कडेने पंखावर थोड्या थोड्या अंतराने वाजवत जा. आवाज बद्द झाला त्या जागेवर पेन्सिलीने गोल करा आणि फाइलीत तिची नोंद शोधा. नोंद नसलेला बद्द आवाज ही मोठी वाईट बातमी आहे. ठरावीक तास उडाल्यानंतर या विमानांची विशेष तपासणीही उत्पादक मागतात, तेव्हा एकूण तास आणि ती तपासणी झाली की नाही हे दोन्ही विचारा.

जी-१०९ चे मूळ मॉडेल १६.६ मीटरचे आणि लिमबाख इंजिनाचे आहे. पुढचे जी-१०९बी १७.४ मीटरचे, ८५० किलोंचे, आणि त्यावर ग्रोबने स्वतः केलेले २५०० हे ९० अश्वशक्तीचे इंजिन आहे. बी अधिक दमदार खरे, पण त्याच इंजिनाचे भाग ही त्याची दुखरी बाजू आहे. ब्रिटिश हवाई कॅडेटांकडची व्हिजिलंट विमाने म्हणजे हीच जी-१०९बी. ती २०१८ मध्ये निवृत्त झाली आणि अपंग वैमानिकांसाठी काम करणाऱ्या एरोबिलिटी या संस्थेने त्यांतील बरीच नव्याने उभी करायला घेतली, तेव्हा मूळ इंजिन काढून रोटॅक्स बसवण्याचा मार्ग तिने निवडला. एका संस्थेला अनेक विमानांवर वाटून परवडणारा बदल एकट्या मालकाला परवडेलच असे नाही, कारण इंजिन बदलणे हा मंजुरी लागणारा बदल आहे आणि त्या मंजुरीलाही पैसे पडतात. आपल्या जागी मी असतो तर लिमबाखचे साधे जी-१०९ किंवा दिमोना, मूळ इंजिनासह, पाहिले असते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, वय ६३. साखरेमुळे विमानाचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवणे कटकटीचे झाले आहे. ग्लायडरला ते लागत नाही असे कळले. युरोपातून एका आसनाचे फूर्निए आरएफ-४डी आणून दुरुस्त करावे असे मनात आहे.

उत्तर : ऐकलेले खरे आहे. अमेरिकेत ग्लायडरच्या वर्गात उडवताना वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही, पण उड्डाणात अडथळा येईल असा आजार आपल्याला माहीत असेल तर उडायचे नाही हे बंधन कायम आहे. साखर कमी झाली की हात थरथरतात का, भोवळ येते का, हे नियमावलीला विचारण्याआधी स्वतःला आणि आपल्या डॉक्टरांना विचारा. शिवाय स्वतःच्या इंजिनावर उठण्यासाठी प्रशिक्षकाची वेगळी नोंद आपल्या लॉगबुकात लागते.

आता यंत्र. रने फूर्निए यांचे हे फ्रेंच रचनेचे विमान जर्मनीत डालेमर बिन्झ येथे स्पोर्टाविया-प्युट्झर या कारखान्यात बनले. फोक्सवॅगन १२०० वरून केलेले सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन, आत घेता येणारे एकच चाक, ११.२६ मीटरचे पंख. १९६८ मध्ये मीरा स्लोवाक नावाच्या चेक-अमेरिकन वैमानिकाने अशाच एका आरएफ-४डी मधून जर्मनीहून अटलांटिक ओलांडून कॅलिफोर्नियातील सांता पॉलापर्यंत मजल मारली होती. ते वाचून माणूस मोहात पडतो. मात्र त्याला लहान विमान म्हणूनच घ्या. तरंगत तासन्‌तास काढायचे असतील तर ते निराश करील.

आपल्यासाठी दोन गोष्टी निर्णायक आहेत. एक, त्या विशिष्ट विमानाच्या अमेरिकी प्रमाणपत्रावर वर्ग ग्लायडरचा येणार की विमानाचा, हे खरेदीपूर्वी लेखी मिळवा. वर्ग विमानाचा आला तर ज्या सोयीसाठी हा सगळा खटाटोप केला ती सोयच गेली. दुसरे, या विमानाचा पंख अखंड एका तुकड्याचा आहे. चाळीस फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे १२ मीटर असते, म्हणजे पंख आत जातो, पण दोन्ही टोकांना मिळून पाऊण मीटरच जागा उरते. कंटेनर भरताना पाठवणाऱ्याच्या भरवशावर राहू नका, स्वतः उभे राहा. आणि वर श्टुटगार्टच्या वाचकांना सरसाविषयी जे लिहिले ते सगळे या लाकडी पंखालाही लागू आहे. समुद्रपार आणल्यानंतर कापड कापून पाहण्यात काही अर्थ नाही. ते छिद्र युरोपातच करून घ्या.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी पुण्याला परतणार आहे. हॅम्बर्गमध्ये एक स्वस्त फाल्के मिळत आहे. ते कंटेनरमधून आणून हडपसरला उडवता येईल का?

उत्तर : मोह समजतो, हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने वर खेचली जाणारी ग्लायडरे पाहत मीही सायकलवर शाळा चुकवली आहे. पण आणू नका. भारतात विमान आयात करायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते, त्या प्रकाराच्या विमानाला मान्यता लागते आणि आयात विमानाच्या वयाचीही चौकशी होते. मग व्हीटी ने सुरू होणारी नोंदणी, त्या प्रकारावर सही करू शकणारा अभियंता आणि दर वर्षीची तपासणी. एका माणसाच्या हौसेला यांतला एकेक टप्पा पुरून उरतो. समजा हे सगळे झाले, तरी काउरिटने जोडलेला पंख पुण्याच्या पावसाळ्यात, पत्र्याच्या हँगरमध्ये, उन्हाळ्यात पन्नाशीला टेकणाऱ्या छपराखाली ठेवायचा. त्या सरसाचे दोन्ही शत्रू आपण एकाच वर्षात त्याच्यापुढे आणून उभे करणार. त्यापेक्षा हॅम्बर्गच्या त्या विमानात एखादा हिस्सा घेऊन ठेवा, वर्षातून दीड महिना तिकडे जा आणि मे-जूनच्या लांबच लांब संध्याकाळी उडा. खर्च कमी येईल आणि तपासनीसाशी भाषाही जुळेल.

प्रश्न : आम्ही म्युनिचमधील तिघे मराठी मित्र. एकाकडे पैसा, एकाकडे हात, एकाकडे परवाना. एकत्र एक जुने फाल्के घ्यावे म्हणतो. काय लिहून ठेवावे?

उत्तर : तिघेही पुढे परवाना घेणार असे समजून लिहितो, नाहीतर हे भागीदारीचे नाते एका वर्षात आंबेल. ग्लायडर परवान्यावर मोटर ग्लायडरची मुभा मिळवायला किमान सहा तासांचे प्रशिक्षण लागते, त्यांतील चार तास प्रशिक्षकासोबत, आणि एकट्याने किमान १५० किलोमीटरचा एक प्रवास, वाटेत दुसऱ्या विमानतळावर उतरून. हे प्रशिक्षण कोणत्या विमानावर घेणार ते आताच ठरवा, कारण आपले फाल्के तेव्हा सांगाड्यावर असेल.

कायद्याच्या दृष्टीने विमानाचा चालक, ज्याला तेथे हाल्टर म्हणतात, कोण हे लिहा. देखभालीची जबाबदारी आणि विम्याची पत्रे त्याच्या नावावर येतात. पैशाचे मोल आणि कामाच्या तासाचे मोल किती समान धरणार, तो भाव सुरुवातीलाच ठरवा. जर्मन क्लबांत सभासदाने वर्षाला ठरावीक तास काम द्यावेच लागते आणि न दिलेल्या तासांचे पैसे भरावे लागतात. तीच पद्धत उचला, ती रुळलेली आहे. एखादा बदली होऊन गेला तर त्याचा हिस्सा विमान अर्धवट उघडलेले असताना कोणत्या किमतीला घेणार, हे आज हसत हसत लिहा. पंख टेबलावर उलटे पडलेले असताना तो विषय कोणी हसत काढत नाही.

हँगरची जागा यंत्र घेण्याआधी पक्की करा, आणि कामासाठी सतत गरम राहील अशी वेगळी खोली, कारण थंडीत सरस वाळत नाही आणि डोप, म्हणजे कापड ताणून धरणारे रोगण, पांढरे पडते. खोलीच्या दारामागे तासांची वही टांगा, तिला पेन्सिल सुतळीने बांधून ठेवा. आमच्या वहीची पेन्सिल एका फेब्रुवारीत हरवली, त्या महिन्याचे तास कोणाचे किती हा वाद अजून मिटलेला नाही.